साहेबांच्या गाडीत वहिनी बसल्या, तर भाडं कुणाचं?

ताडोब्याच्या मोहर्ली गेटकडे जाणाऱ्या रस्त्यावर ‘महाराष्ट्र शासन’ पाटीची गाडी दिसली आणि मागच्या सीटवर बायकामुलं असली, की चहाच्या टपरीवर लगेच निकाल लागतो: ‘साहेबाची गाडी, साहेबाची बायको अन् डिझेल आपल्या पैशाचं!’ राग समजण्यासारखा आहे. शेजारच्या गडचिरोलीत गर्देवाडा, वांगेतुरीच्या वाटेवर पहिली एसटी धावायला १ जानेवारी २०२५ उजाडावी लागली. तिथल्या माणसाला फुकट फिरणाऱ्यांची चीड यायचीच. पण या निकालात चार वेगळ्या गोष्टींचा काला झालेला असतो.

गैरसमज: कुटुंबाच्या प्रवासाला सरकारी पैसा लागला, म्हणजे तो बेकायदाच.

तसं नाही. खासदारांचे पगार आणि भत्ते ठरवणारा १९५४ चा कायदा आहे. त्यानुसार खासदाराला वर्षाला ३४ एकेरी विमानफेऱ्या मिळतात आणि त्याच कोट्यातून पती, पत्नी किंवा सोबत्याचं तिकीटही काढता येतं. शिवाय अधिवेशनकाळात जोडीदाराला दिल्लीला जाण्या-येण्यासाठी वर्षाला जास्तीत जास्त ८ फेऱ्या. गडचिरोली-चिमूर मतदारसंघ आमगावपासून थेट सिरोंच्यापर्यंत पसरलेला. मतदारसंघ, घर आणि दिल्ली असं तिहेरी आयुष्य जगणाऱ्या माणसाच्या जोडीदाराला एवढी सोय मला तरी गैर वाटत नाही. एसटीत तर ‘आमदार’ असं लिहिलेली सीट आपण लहानपणापासून पाहतो. आमदारासोबत एका सोबत्यालाही एसटी फुकट आहे. ही सवलत माजी आमदारांनाही मिळते, आणि ती मात्र कशासाठी, हे मला कळलेलं नाही.

चामोर्शीच्या सरकारी कार्यालयातला कारकूनही रजा प्रवास सवलतीत बायकामुलांना स्वग्रामी नेतो, चार वर्षांतून एकदा ‘महाराष्ट्र दर्शन’ करतो. त्याला आपण चोर म्हणत नाही. सवलत किती असावी यावर खुशाल भांडावं. कायद्याने दिलेल्या सवलतीला चोरी म्हणू नये.

आणखी एक. आमदाराच्या गाडीवरचं गोल स्टिकर म्हणजे सरकारी गाडी नव्हे. ती त्याची स्वतःची असते. चालकाच्या पगारासाठी मात्र सरकार रक्कम देतं.

गैरसमज: घरचे सोबत होते, म्हणजे सगळा खर्च घरच्यांवरच झाला.

इथे प्रतिभाताई पाटील यांचं उदाहरण घेऊ. जळगावच्या, अमरावतीच्या खासदार राहिलेल्या, देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती. मार्च २०१२ मध्ये माहिती अधिकारातून आकडा बाहेर आला: १२ परदेश दौरे, २२ देश, २०५ कोटी रुपये. दौऱ्यांत अनेकदा कुटुंबीय सोबत असत. झालं, ‘नातवंडांच्या सहलीवर २०५ कोटी’ असंच लोकांच्या डोक्यात बसलं.

त्या आकड्याची फोड पाहिली तर सुमारे १६९ कोटी विमानांचे होते. बाकीचे साधारण ३६ कोटी परराष्ट्र मंत्रालयाने निवास, स्थानिक वाहनं, दैनिक भत्ते यांवर खर्च केलेले. एअर इंडियाचं भलंमोठं विमान नातवंडं बसली नसती तरी उडणारच होतं. दौरे इतके हवे होते का, हा प्रश्न रास्त आहे. पण तो दौऱ्यांचा प्रश्न आहे, कुटुंबाचा नाही. कुटुंबाचा प्रश्न त्या ३६ कोटींतल्या जादा खोल्यांचा आणि जादा गाड्यांचा, आणि तेवढाच हिशेब कुणी नीट मागितला नाही.

म्हणून रिकामी सीट फुकट मानायची का? अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या विमानातून खासगी कारणाने जाणाऱ्या पाहुण्याने नेहमीच्या विमानभाड्याइतकी रक्कम भरायची, असा रिवाज आहे. ऑस्ट्रेलियात २०१७ पासून एक स्वतंत्र प्राधिकरण खासदारांचा प्रवासखर्च जाहीर करतं, त्यात कुटुंबाच्या प्रवासाचाही खर्च दिसतो.

आता हे चंद्रपूरला आणा. मंत्री नागपुरातून जिल्हा नियोजनाच्या बैठकीला आले, वहिनी त्याच गाडीत होत्या. जादा डिझेल शून्य. बैठक संपल्यावर तीच गाडी, पुढे-मागे पोलिसांची वाहनं घेऊन मोहर्लीला वळली आणि तीन तास थांबली, तर मीटर तिथून सुरू झालं. गाडीत कोण बसलंय यापेक्षा गाडी कुणासाठी वळली, हे विचारा.

सुरक्षेचं मात्र वेगळं. १९९१ मध्ये तेव्हाचे आमदार धर्मरावबाबा आत्राम यांचं नक्षलवाद्यांनी अपहरण केलं होतं. गडचिरोलीत पोलिसांची गाडी मिरवण्यासाठी असते, असं सरसकट म्हणता येत नाही.

गैरसमज: निवडणुकीतलं हेलिकॉप्टर सरकारी असतं.

आचारसंहितेत मंत्र्याला सरकारी दौरा आणि प्रचार एकत्र करता येत नाही. पक्षाच्या स्टार प्रचारकांचा प्रवास, हेलिकॉप्टरसकट, पक्षाच्या खात्यात जातो. उमेदवाराची पत्नी किंवा मुलगा स्टार प्रचारकांच्या यादीत नसेल, तर त्यांच्या प्रचारफेरीचं पेट्रोल उमेदवाराच्याच हिशेबात: लोकसभेला ९५ लाख, विधानसभेला ४० लाखांच्या मर्यादेत.

गैरसमज: सरकारचा पैसा लागला नाही, म्हणजे व्यवहार स्वच्छ.

हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. वाळू, कोळसा, तेंदूपत्ता, रस्त्यांची कामं असलेल्या जिल्ह्यांत ठेकेदाराची गाडी, ठेकेदाराचं रिसॉर्ट आणि ‘बिलाचं बघून घेऊ’ हे शब्द अनोळखी नाहीत. सरकारी गाडीचं लॉगबुक तरी असतं. मित्राच्या गाडीचं काहीच नसतं. आमदार, खासदार कायद्याच्या नजरेत लोकसेवक आहेत आणि कामाच्या बदल्यात घेतलेला फुकट प्रवासही भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात अनुचित लाभ ठरू शकतो. परदेशात तिथल्या कुणाचा पाहुणचार घ्यायचा, तर केंद्र सरकारची आधी परवानगी लागते. एक वेळ डिझेल आपलं गेलेलं परवडलं, कारण ठेकेदाराने भरलेलं डिझेल पुढे रस्त्याच्या खडीतून वसूल होतं.

शंका असेल तर टपरीवर न थांबता माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपये शुल्क, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. उत्तराची मुदत ३० दिवस. ‘साहेबांच्या घरच्यांनी किती पैसे उडवले?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर कुठल्याच कागदावर नसतं. गाडीचा नंबर आणि तारखा लिहा. त्या दिवसांचं लॉगबुक, मंत्र्यांचा दौरा कार्यक्रम आणि सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विश्रामगृहाची नोंदवही, या तिन्हींच्या प्रती मागा आणि किलोमीटर जुळवून पाहा.