टर्बोच्या पाण्याची वाट

पुण्याहून निघालेला 65 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग सोलापूर आणि झहीराबाद मागे टाकून हैदराबादेत येतो, आणि विजयवाड्याच्या दिशेने शहराबाहेर पडणारा जुना रस्ता चादरघाटाजवळ मुसी नदी ओलांडून ज्या वस्तीत शिरतो ती मलकपेठ. गोवळकोंड्याच्या अब्दुल्ला कुतुबशहाचा सेवक मलिक याकूब याच्या नावाने ही पेठ ओळखली जाऊ लागली. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या कारकिर्दीत, 1886 साली, घोड्यांच्या शर्यती येथे भरू लागल्या. आणि त्याआधीच्या काळात, निजामाच्या फौजेसाठी तोफा ओतण्याचा कारखाना चालविणारा फ्रेंच सेनानी रेमंड 1798 साली निवर्तला, तेव्हा त्याला येथल्याच टेकडीवर चिरविश्रांती मिळाली. आज या रस्त्यावरून अहोरात्र वाहणाऱ्या मोटारींमध्ये पुण्याची सफारी आहे, नाशिकची स्कॉर्पिओ आहे, रांजणगावची नेक्सॉन आहे. 1998, 2002 आणि 2017 या सालांत क्रमाने बाजारात आलेल्या या तिन्ही गाड्यांच्या पोटात जे एक यंत्र समान आहे, त्याच्या एका उपेक्षित अंगाचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे.

ते यंत्र म्हणजे टर्बो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने 1905 साली ज्या कल्पनेचे पेटंट घेतले, ती कल्पना मुळात काटकसरीची होती. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर पुष्कळशी शक्ती फुकट घेऊन जातो. त्याच्या वाटेत एक चाक बसवावे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चाक जोडावे, आणि धुराने फिरविलेल्या या जोडीकडून ताजी हवा दाबून इंजिनात भरावी. लहान मोटारीतील हा दांडा मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात जाऊ शकतो. इतक्या वेगाला साधी बेअरिंग पुरत नाही. दांडा तेलाच्या अतिसूक्ष्म थरावर तरंगत फिरतो, आणि तो थर अखंड राखणे हाच टर्बोच्या दीर्घायुष्याचा पाया होय.

आता या तेलाचा शेजार पाहावा. डिझेल इंजिनाचा धूर साधारणतः 700 ते 800 अंशांपर्यंत तापतो, पेट्रोलचा 950 अंश किंवा त्याहूनही अधिक; म्हणूनच कित्येक लहान डिझेल गाड्यांत टर्बोचे शीतन केवळ तेलावर सोपविलेले असते, तर पेट्रोलच्या टर्बोला पाण्याची स्वतंत्र वाट जवळजवळ अनिवार्य ठरते. गाडी धावत असेतोवर वाहते तेल उष्णता घेऊन जाते. परंतु मालकाने किल्ली फिरविली, इंजिन थांबले, की तेलाचा पंपही थांबतो. आणि धुराच्या चाकाभोवतीच्या, लाल होईपर्यंत तापलेल्या कवचातील उष्णता दांड्याच्या वाटेने बेअरिंगकडे सरकू लागते. मधल्या भागाचे तापमान इंजिन बंद झाल्यानंतर काही मिनिटे उतरण्याऐवजी चढते. तेथे अडकून पडलेले तेल जळून त्याचा काळा, कठीण कीट होतो, आणि पुढे तोच कीट तेलाच्या बारीक वाटा बुजवून दांड्याचा घात करतो.

या अनर्थावरची तजवीज म्हणजे टर्बोच्या मधल्या भागात, ज्याला कारागीर ‘कोर’ म्हणतात, ओतकामातच ठेवलेली पाण्याची पोकळी आणि तिला जोडलेल्या दोन नळ्या: एक इंजिनाकडून कूलंट आणणारी, दुसरी ते परत नेणारी. इंजिन चालू असताना पंप हे पाणी फिरवितो. मात्र या नळ्यांची खरी चाकरी सुरू होते ती पंप थांबल्यावर. अंघोळीच्या बंबात तापलेले पाणी जसे आपोआप वर चढते आणि त्याची जागा घेण्यास थंड पाणी खालून येते, तसाच प्रवाह कोणत्याही पंपावाचून या पोकळीत सुरू होतो आणि साचलेली उष्णता हळूहळू वाहून नेतो. मलकपेठेतील गॅरेजांत जी दखनी कानी पडते तिच्यात हा सारा सिद्धांत एका वाक्यात मावतो: ‘पानी कू ऊपर जाने का रास्ता होना.’

हा रास्ता तयार करण्यातच जोडणीचे सारे कसब आहे. थंड पाणी खालच्या तोंडाने आत यावे, तापलेले वरच्या तोंडाने बाहेर पडावे, आणि परतीची नळी कूलंटच्या टाकीपर्यंत सतत चढती असावी. मध्ये कोठे उंचवटा येऊन ती पुन्हा खाली उतरली, तर त्या उंचवट्यावर हवेचा फुगा अडतो आणि प्रवाह खुंटतो. म्हणून बसविताना कोर सुमारे 20 अंश कलता ठेवावा, म्हणजे दोन तोंडांत उंचीचे अंतर पडते. परंतु त्याच कोरमधून तेल खाली उतरते ते केवळ स्वतःच्या वजनाने, आणि त्याला शक्य तितकी सरळ वाट हवी असते. पाण्यासाठी कोर फार कलवावा तर तेल तुंबते. तेलासाठी अगदी सरळ ठेवावा तर पाण्याचा ओघ मंदावतो. या दोहोंमध्ये न्याय्य तोडगा काढणारा हात अनुभवानेच घडतो.

प्रत्यक्ष काम पाहणाऱ्यास ते क्षुल्लक वाटेल. इंजिन पूर्ण थंड झाल्याची खातरजमा करून उस्ताद कूलंट उतरवितो, नळीच्या टोकाची कडी टर्बोला जखडणारा पोकळ बँजो बोल्ट सोडवितो आणि त्या कडीच्या दोन्ही बाजूंचे जुने तांब्याचे वायसर बाजूला टाकतो. एकदा दाबले गेलेले तांबे दुसऱ्यांदा तितकेसे नमत नाही आणि पाणी झिरपू देते. बसण्याची जागा कापडाने पुसून, नवे वायसर घालून, बोल्टचे पहिले आटे तो बोटांनीच फिरवितो. पाना नंतर लागतो, आणि तोही मापाने. धुराच्या कवचालगत रबरी होज टिकत नाही, म्हणून तेथे पोलादी नळी आणि तिच्या पुढे उष्णतारोधक वेष्टण घातलेला होज, हा दस्तूर. शेवटी ऊर्ध्वपातित पाण्यात मिसळलेले कूलंट सावकाश भरले जाते, कारण बोअरच्या जड पाण्याचा क्षार या अरुंद पोकळीत सर्वांआधी धरतो. केबिनचा हीटर उघडा ठेवून इंजिन चालविले जाते, हवेचे बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहिली जाते, आणि दोन्ही नळ्या गरम झाल्याचे हाताला जाणवले म्हणजे पाणी फिरू लागले असे समजावे.

या कामाची एक दुर्दैवी पळवाटही प्रचारात आहे. नळी गळू लागली की काही ठिकाणी ती काढून दोन्ही तोंडांना बुचे मारली जातात. गाडी तशीच धावते, ओढ तीच राहते, बिल थोडके येते. आणि मालकास वाटते की मामला निकालात निघाला. वस्तुतः प्रत्येक वेळी किल्ली फिरविताच कोरमधील तेल थोडे थोडे जळत असते, आणि काही महिन्यांनी टर्बो शिटी वाजवू लागला किंवा निळा धूर सोडू लागला, तर त्या दोषाचा संबंध त्या जुन्या बुचांशी जोडण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

यंत्राच्या कामाची चिंता आपण सारेच करतो. त्याच्या विश्रांतीचा बंदोबस्त करणारे थोडे. लांबच्या प्रवासाअंती इंजिन दोन मिनिटे मंद चालू ठेवून मग बंद करावे, कूलंटची पातळी वेळोवेळी पाहावी, आणि दुरुस्तीच्या वेळी पाण्याच्या दोन्ही नळ्या जागच्या जागी आहेत ना हे बिल चुकते करण्यापूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावे. तांब्याच्या चार वायसरांची आणि हातभर होजची किंमत संपूर्ण टर्बोच्या किमतीपुढे नगण्य आहे, आणि ती जोडणी नेकीने करणारा कारागीर कोणत्याही पेठेत मिळाला, तर त्याचे दाम घासाघीस न करता द्यावे.