सावधान! फ्लॅश चार्ज होतोय...

मंगलाष्टकांमधलं ‘सावधान’ हे नवरदेवासाठी असतं असा माझा बरेच दिवस समज होता. गेल्या मे महिन्यात कळलं, की ते फोटोग्राफरसाठी असतं!

इंदापूर तालुक्यात आमच्या ताईचं, म्हणजे आत्याच्या मुलीचं लग्न होतं. “आपला इंजिनिअर आहे की घरात!” म्हणून आत्यानं फोटोचं काम माझ्यावर सोपवलं. गोरज मुहूर्त. अक्षता पडायच्या आधी आपल्याकडं जे होतं तेच सुरू झालं : पाहुण्यांचे सत्कार, शाल, नारळ, फेटे आणि पुढाऱ्यांचे शुभाशीर्वाद. प्रत्येकाचा फोटो मी पूर्ण ताकदीचा फ्लॅश मारून काढला. मग शेवटचं मंगलाष्टक संपलं, अंतरपाट खाली आला, मी बटण दाबलं... आणि फ्लॅश पेटलाच नाही! तो परत पेटेपर्यंत हार गळ्यात पडले होते.

फोटो बघताना ताईनं एवढंच विचारलं, “अरे, अंतरपाट पडतानाचा कुठाय?” गुडघ्यांमुळं दिवसभर खुर्चीत बसलेली आजी त्याच क्षणी अक्षता टाकायला उठून उभी राहिली होती. तीही त्या काळ्या फोटोत गेली.

त्यानंतर बारामतीतल्या एका जुन्या फोटोग्राफर काकांची बॅग उचलत मी काही लग्नं फिरलो. तिथं जे शिकलो, ते निम्मं तर आपल्या पहिल्या वर्षाच्या फिजिक्समध्येच होतं.

१) फ्लॅश म्हणजे कपॅसिटर
फ्लॅशच्या पोटात कपॅसिटर असतो. पूर्ण ताकदीनं मारला की तो रिकामा होतो आणि पेन्सिल सेलवर परत भरायला काही सेकंद घेतो. सेल उतरले असतील तर आणखी वेळ. माझं नेमकं इथंच चुकलं. आयएसओ १०० ऐवजी ४०० ठेवला तर तोच फोटो एक चतुर्थांश प्रकाशात निघतो. अंतर ४ मीटरवरून २ मीटरवर आणलं, तर व्यस्त वर्गाच्या नियमानं परत एक चतुर्थांश. म्हणजे दोन्ही मिळून फक्त सोळावा हिस्सा! मग लागोपाठ चार-पाच फोटो काढले तरी फ्लॅश दम टाकत नाही.

हिशोबही सोपा आहे. फ्लॅशच्या गाईड नंबरला एफ नंबरनं भागलं की आयएसओ १०० ला उजेड किती मीटर पोचतो ते कळतं. कॅमेऱ्यातल्या छोट्या फ्लॅशचा गाईड नंबर १२ धरला, तर एफ ५.६ ला उजेड जेमतेम २ मीटर जातो. तेव्हा मागच्या रांगेतून फ्लॅश मारून स्टेज उजळेल ही आशा सोडा.

२) मागचा मंडप काळा का येतो?
फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास, कधी त्याहूनही कमी वेळ चमकतो. त्यामुळं चेहऱ्यावरचा उजेड फ्लॅश ठरवतो, तर मागच्या माळांचा उजेड शटर ठरवतो. शटर १/२०० वर ठेवलं तर मागं अंधार, १/६० वर आणलं की मंडप दिसायला लागतो. उलट बहुतेक कॅमेऱ्यांत साध्या फ्लॅशसाठी १/२०० किंवा १/२५० ही मर्यादा असते. ती ओलांडली की फोटोत काळा पट्टा आलाच समजा.

३) पांढरं पांढरंच आलं पाहिजे
कॅमेऱ्याच्या मीटरला सगळं जग करड्या रंगाचं वाटतं. त्यामुळं पांढऱ्या टोप्या आणि धोतरं मळकी येतात. सराव करायचा तर उसाच्या रानातले बगळे घ्या, नाहीतर हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाण्यावर येणारे रोहित पक्षी. एक्स्पोजर थोडं थोडं वाढवत पंख कधी पांढरे होतात ते बघा. बगळा पोज देत नाही, त्यामुळं हातही बसतो! मंडपाचं कापड गुलाबी असेल तर चेहरेही गुलाबी येतात. अशा वेळी अंतरपाट पांढरा असला तर आधीच त्याच्यावर व्हाईट बॅलन्स लावून घ्या. फ्लॅश वर करून मारायचा असेल तर छत पांढरं आणि बुटकं आहे ना ते तपासा. उंच पत्र्याच्या शेडमध्ये तो उजेड परत येतच नाही.

४) आधी विधी, मग कॅमेरा
हे काकांचं सगळ्यात मोठं शिक्षण. आधी गुरुजींना भेटा. मंगलाष्टकं किती म्हणणार आणि पाहुण्यांपैकी कोण म्हणणार आहे, ते विचारून घ्या. वधू-वर समोरासमोर असतात, म्हणून बाजूला उभे राहा, दोघांचेही चेहरे मिळतात. सत्कार संपले की सेल बदला. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं की दुसरा कुठलाही फोटो काढायचा नाही, कितीही मोठा पाहुणा आला तरी! फ्लॅशचा तयार असल्याचा दिवा बघा आणि थांबा.

या थंडीत बारामतीला मित्राच्या बहिणीच्या लग्नात मी तसाच थांबलो. अंतरपाट पडतानाचे चार फोटो मिळाले, चारही उजळ. पहिली प्रिंट ताईला दाखवली. ती म्हणाली, “छान आलाय रे,” आणि बराच वेळ बघत राहिली.

सबमिशनला एक्स्टेन्शन मिळतं मित्रांनो, अंतरपाटाला मिळत नाही.