पुढच्या वेळी येणार ना, काका?

कृषी खात्याचा माणूस लिहितो म्हटल्यावर बीजप्रक्रिया, बोंडअळी नाहीतर ठिबकचे अनुदान, असेच काहीतरी तुम्ही अपेक्षित धराल. आजचा विषय वेगळा आहे. पण तो तुमच्या गावाबाहेरचा नाही. गेली अकरा वर्षे मी महिन्यातले दोन शनिवार थॅलेसेमिया झालेल्या मुलांच्या वॉर्डात जातो. "साहेब, त्यातून तुम्हाला मिळतं काय?" असे पुष्कळ जण बांधावर विचारतात. त्याचे उत्तर आज देतो.

आधी आजाराविषयी थोडे. थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. निरोगी माणसाच्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस टिकतात. या मुलांच्या पेशी त्याआधीच नष्ट होतात आणि नव्या धड तयार होत नाहीत. मूल सहा महिन्यांचे ते दोन वर्षांचे होईपर्यंत पांढरे पडू लागते, त्याच्या अंगी काही लागत नाही. मग दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, तेही जन्मभर. रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर शरीरात लोह साचते. ते हृदय व यकृताला बाधते, म्हणून ते बाहेर काढण्यासाठी वेगळे औषध नेमाने घ्यावे लागते. योग्य दाता मिळाल्यास अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार बरा होऊ शकतो. पण ते प्रत्येकाला जमत नाही. बाकीच्यांची सगळी भिस्त कोणीतरी दिलेल्या रक्तावर.

"फोटो काढायला आलात का?"

माझी सुरुवात काही मोठ्या भावनेने झाली नाही. तालुक्याच्या शिबिरात रक्त दिले, बिस्किटे खाल्ली, प्रमाणपत्र घेतले. रक्तपेढीतले एक तंत्रज्ञ म्हणाले, "तुमची पिशवी कोणाला जाते ते बघायचंय का?" गेलो. खोलीत सहा खाटा, प्रत्येक खाटेवर एक पोर, हाताला सुई. पाच-सहा वर्षांच्या एका मुलाने मला विचारले, "तुम्ही फोटो काढायला आलात का?" वाढदिवसाला फळे वाटून, फोटो काढून जाणारी माणसे त्याने पुष्कळ पाहिली होती. मी नाही म्हणालो. "मग पुढच्या वेळी येणार ना, काका?" हो म्हणून बसलो, आणि अडकलो.

खरे सांगतो, पहिले वर्ष काही हाती लागले नाही. एक पिशवी चढायला तीन-चार तास लागतात. एवढा वेळ बोलायचे काय? तो मुलगा भिंतीकडे तोंड करून पडायचा. शेवटी मी डब्यात मूग, तूर, ज्वारी, करडईचे दाणे नेऊ लागलो. डोळे मिटून, हाताने चाचपून ओळखायचे. शेतकऱ्याचीच पोरे ती, माझ्यापेक्षा आधी ओळखू लागली. एका पावसाळ्यात कामाच्या धावपळीत माझ्या दोन फेऱ्या चुकल्या. परत गेलो तर तो काही बोलला नाही. त्याची आई एवढेच म्हणाली, "दाराकडे बघत होता." त्या दिवसापासून जमणार असेल तेवढाच शब्द द्यायचा, असे मी ठरवले.

पुढे एका जुलैमध्ये पेरणीच्या गडबडीत त्याच मुलाची तारीख चुकली. पाच आठवड्यांनी तो आला तेव्हा हिमोग्लोबिन पाचवर आले होते. रक्त चढवण्याआधीही ते नऊच्या खाली जाऊ नये, असे डॉक्टर सांगतात. मी त्याच्या गावी गेलो. वडिलांना रागावलो नाही. वाफसा आल्यावर शेतकऱ्याची काय अवस्था होते, ते मला माहीत आहे. गावातल्या दोन तरुणांना बोलावले आणि पेरणी-काढणीच्या दिवसांत माय-लेकराला मोटारसायकलवरून एसटीपर्यंत कोणी सोडायचे, ते ठरवून टाकले. त्यानंतर त्याची तारीख चुकलेली नाही.

सगळेच गोड झाले असे सांगितले तर ते खोटे होईल. आठवीतली एक मुलगी गेली. हृदयात लोह साचले होते. पुढच्या दोन खेपा मी गेलोच नाही, पाय उचलत नव्हता. मग आठवले, तिच्या शेजारच्या खाटेवरचे पोर तर येणारच आहे. म्हणून गेलो. तिची आई आजही आमच्या शिबिरात चहा करायला येते.

मग मिळाले काय?

पदविकेत मला पीक शिकवले. माणसाजवळ गप्प बसायला मी त्या वॉर्डात शिकलो. पूर्वी बांधावर यायचो, दहा मिनिटे सल्ला द्यायचो आणि गाडीला किक मारायचो. आता आधी ऐकतो. बाग वाळलेला शेतकरी माझ्याशी खताबद्दलच नाही, कर्जाबद्दलही बोलतो. तंबाखू सुटली, तीही तिथेच. "काका, तोंडाला वास येतो," असे एका पोरीने तोंडावर सांगितले. बायकोने सहा वर्षे सांगून जे झाले नव्हते, ते एका शनिवारात झाले.

आणि तो भिंतीकडे तोंड करणारा मुलगा यंदा दहावी पास झाला. मागच्या खेपेला चार वर्षांचे एक नवे पोर सुईला घाबरून रडत होते. ह्याने स्वतःचा हात दाखवला, डबा उघडला आणि विचारले, "ओळख बघू, मूग की मटकी?" मी नुसता बघत उभा होतो. अकरा वर्षांचा मोबदला म्हणाल तर हा.

आपल्या गावाने काय करावे?

तांबड्या पेशींची पिशवी ३५ ते ४२ दिवसच टिकते. म्हणून १५ ऑगस्टला एकदम शंभर पिशव्या जमवून मे महिन्याची गरज भागत नाही. उन्हाळ्यात कॉलेजे बंद असतात, शिबिरे कमी होतात, आणि टंचाई तेव्हाच पडते. त्यापेक्षा वर्षात चार वेळा पंचवीस-पंचवीस जणांनी द्यावे. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ हवे. पुरुषांना तीन महिन्यांनी व स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते.

सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ग्रामसभेत लग्नाआधीच्या तपासणीचा विषय घ्यावा. 'एचबी ए-टू' ही रक्ततपासणी त्यासाठी आहे. मुलगा-मुलगी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक माणूस आजारी नसतो, त्यामुळे तपासल्याशिवाय कळत नाही. यात कोणाची बदनामी नाही. तसेच २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमियाचा समावेश झाला आहे. गावात असे मूल असेल तर दाखल्यासाठी त्या कुटुंबाला मदत करा.

वॉर्डात जायचे असेल तर डॉक्टरांची परवानगी घ्या, सर्दी-तापात जाऊ नका, फोटो काढू नका. महिन्यातून एकच दिवस द्या, पण वर्षभर द्या. ते जमणार नसेल तरी मनाला लावून घेऊ नका. रक्त द्या, तेही तितकेच लागते. पण वॉर्डात पाऊल टाकलेत तर "पुढच्या वेळी येणार ना?" हा प्रश्न येणारच. त्याचे उत्तर घरूनच ठरवून निघा.