कागदावरील घरे

वास्तुकलेचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा असतो आणि त्याच्या अखेरीस प्रत्येक विद्यार्थ्यास एक प्रबंध-प्रकल्प सादर करावा लागतो. जागा खरी, गरज खरी, इमारत तेवढी काल्पनिक, असे या प्रकल्पाचे स्वरूप. अशा प्रकल्पांतून उत्तम ते निवडून त्यांस पारितोषिके देण्याचा उपक्रम, १९७२ च्या कायद्यान्वये अस्तित्वात आलेली वास्तुकला परिषद चालविते. आधी विभागीय परीक्षकमंडळ आणि मग राष्ट्रीय परीक्षकमंडळ, अशा त्याच्या दोन पायऱ्या आहेत. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांची राष्ट्रीय संघटनाही विभागवार संमेलने भरविते. तिच्या स्पर्धांतील लुई कान यांच्या नावाचा करंडक परंपरागत वास्तूंच्या आलेखनासाठी दिला जातो. तरुणांच्या कल्पकतेची अशी कदर व्हावी, हे सर्वथा स्वागतार्ह आहे. आमचा प्रश्न आहे तो पारितोषिक दिल्यानंतरचा. टाळ्या संपतात, प्रशस्तिपत्र चौकटीत बसते, नकाशांच्या गुंडाळ्या कपाटात जातात. ज्या गावासाठी ती कल्पना लढविली, त्या गावास तिचा पत्ता तरी लागतो काय?

‘विभागीय’ या शब्दाकडेही थोडे गंभीरपणे पाहावयास हवे. प्रवेशिकांची वाटणी सोयीची व्हावी एवढ्याचसाठी विभाग पाडलेले असतील, तर त्या शब्दात काही अर्थ उरत नाही. त्या प्रदेशाचे ऊन, पाऊस, माती आणि माणसे यांना जी कल्पना नेमके उत्तर देते तिचा गौरव, असा विभागीय पारितोषिकाचा अर्थ असला पाहिजे.

उदाहरणादाखल आम्ही तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा घेतो. गोमंतकीय वाचकास तो दूरचा वाटेल. परंतु मराठी माणसास तो परका नाही. पैनगंगेच्या काठच्या या जिल्ह्यात मराठी आजही घरोघरी बोलली जाते. आज महाराष्ट्रात असलेले किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत याच जिल्ह्यात होते. २०१६ साली जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. गोंड, कोलाम, परधान, थोटी या जमातींची वस्ती या सर्व भागांत आहे. हवामान कठोर. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो, हिवाळ्याच्या रात्री कधी पाच अंशांखाली उतरतो, आणि मधले चार महिने पाऊस.

अशा हवेत येथील माणसे पिढ्यान्‌पिढ्या लाकडी खांब, बांबूचा कुड, त्यावर शेणामातीचा लेप आणि वर गवत किंवा कौले अशी घरे बांधीत आली. कोलाम तर बांबूकामात वाकबगार. केस्लापूर येथे पौष अमावास्येस भरणाऱ्या नागोबाच्या जत्रेत मेस्राम कुळाच्या लेकी आणि जावई पाणी आणून मातीची वारुळे रचतात. त्याच मेस्राम कुटुंबांनी आपसांत वर्गणी काढून नागोबाचे नवे दगडी मंदिर उभारले आणि २०२२ च्या डिसेंबरात त्याची प्रतिष्ठापना झाली. बांधणे ही ज्यांची नित्याची विद्या आहे, त्यांच्याविषयी आम्ही बोलत आहो, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

परंतु मातीच्या घराचे उगीच गोडवे गाण्यात अर्थ नाही. कुड दर पावसाळ्यानंतर लिंपावा लागतो, गवताचे छप्पर गळते आणि पेटते, वाळवी खांब पोखरते. पक्के घर हवे ही तेथील लोकांची मागणी पूर्णपणे रास्त आहे. कोलामांसारख्या अतिमागास जमातींसाठी केंद्राने २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘पीएम-जनमन’ योजनेत घरामागे दोन लाख रुपये मिळतात. तेलंगण सरकारने २०२४ मध्ये सुरू केलेल्या इंदिरम्मा योजनेत पाच लाख. पैसा येत आहे, घरे होत आहेत. पण मे महिन्यात दिवसभर तापलेला सिमेंटचा सपाट गिलावा रात्री खालच्या माणसास झोपू देत नाही, हे सांगण्यास तज्ज्ञ लागत नाही. पक्केपणा आणि गारवा ही दोन्ही एकाच खर्चात कशी साधावीत, हा खरोखरीचा कल्पकतेचा प्रश्न आहे. आदिवासी भाग म्हटला की संग्रहालयाचा किंवा सांस्कृतिक केंद्राचा भव्य आराखडा काढण्याचा मोह विद्यार्थ्यास होतो, आणि परीक्षकही त्यास भुलतात. दोन खोल्यांचे घर मात्र उपेक्षित राहते.

विद्यार्थ्याची कल्पना प्रत्यक्षात उतरू शकत नाही, असे कोणी म्हणेल तर त्यास जगाचे दाखले आहेत. बुर्किना फासो या आफ्रिकी देशातील फ्रान्सिस केरे यांनी बर्लिनमध्ये शिकत असतानाच गांदो या आपल्या जन्मगावासाठी शाळा आखली. मातीत थोडे सिमेंट मिसळून विटा पाडल्या, खोल्यांवर झरोक्यांचे छत घातले आणि त्याच्यावर अंतर सोडून पत्रा उचलून धरला. तापलेली हवा मधून निघून जाते. गावकऱ्यांनीच राबून २००१ साली ती शाळा पुरी केली. २००४ मध्ये तिला आगाखान पारितोषिक मिळाले आणि २०२२ मध्ये केरे यांना प्रिट्झकर पारितोषिकाचा मान मिळाला. आना हेरिंगर यांनी ऑस्ट्रियातील लिंझ येथे शिकताना केलेला प्रबंध-प्रकल्प म्हणजे बांगलादेशातील रुद्रपूर गावची शाळा. सहकारी वास्तुरचनाकार आणि स्थानिक कारागीर यांच्या साह्याने ती माती आणि बांबू यांतून उभी राहिली, आणि २००७ चे आगाखान पारितोषिक तिला लाभले. माती आणि बांबू! आदिलाबादेत याहून निराळे काय आहे?

आपल्या घरचा दाखला तर याहून जुना. मूळ गोमंतकीय घराण्यातील चार्ल्स कोरिया यांचा जन्म १९३० साली सिकंदराबादेस झाला. आदिलाबाद ज्या हैदराबाद संस्थानाचा उत्तरेकडील जिल्हा होता, त्याच संस्थानात. गुजरात गृहनिर्माण मंडळाने साठीच्या दशकाच्या आरंभी अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी घरांची स्पर्धा घेतली, तीत कोरिया यांच्या आराखड्यास पहिले पारितोषिक मिळाले. घर लांबट आणि अरुंद. गरम हवा उतरत्या छताखालून वर सरकते, माथ्यावरील झरोक्यातून बाहेर पडते आणि खालून ताजी हवा आत ओढली जाते. पंख्यावाचून गारवा देणारे ते घर अहमदाबादेत प्रत्यक्ष बांधले गेले. ते १९९५ मध्ये पाडण्यात आले. परंतु पारितोषिकप्राप्त कल्पनेची पारख विटामातीत करावी, हा धडा त्याने घालून दिला.

म्हणून आमच्या सूचना तीन आहेत. पहिली: विभागीय पारितोषिकासाठी ग्रामीण वा आदिवासी जागेवरचा प्रकल्प पाठविणाऱ्याने त्या गावी काही आठवडे राहिलेच पाहिजे. मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ १९४० नंतरच्या वर्षांत मारलवाई येथे गोंडांमध्ये जाऊन राहिले, आणि त्यानंतरच तेथील शिक्षणाची योजना व देवनागरीतील गोंडी वाचनपुस्तके सिद्ध झाली. या क्रमात मोठे शहाणपण आहे. दुसरी: परीक्षकांच्या पंक्तीस त्या गावचा एक गवंडी किंवा सुतार आणि संसार करणारी एक बाई बसावी. चूल कोठे हवी आणि धान्य कोठे ठेवावयाचे, हे त्या बाईइतके कोणासही कळत नाही. तिसरी आणि मुख्य: विजेत्या आराखड्यातील निदान एक घर बांधून पाहावे, एक पावसाळा आणि एक उन्हाळा त्यात कुटुंब राहू द्यावे, आणि पारितोषिकाची अर्धी रक्कम त्यानंतर द्यावी.

खर्चाचे काय, असे विचारले जाईल. सरकार एका घरास पाच लाख देतेच. हजारो घरांपैकी एक घर नमुन्यादाखल बांधणे कोणत्याही खात्यास जड जाऊ नये. फसले तर? फसण्याची जोखीम अर्थातच कुटुंबावर पडता कामा नये. त्याचे जुने घर तोवर मोडू नये आणि दुरुस्तीची हमी लेखी असावी. एक घर फसून उमगलेली चूक ही हजार घरांत एकदम केलेल्या चुकीपेक्षा किती तरी स्वस्त!

हा प्रश्न आदिलाबादपुरता नाही. गोव्यात १९८२ पासून वास्तुकला महाविद्यालय आहे, आणि काणकोण, सांगे, केपे येथील वेळीप-गावडा वस्त्याही आहेत. तेथे ऊन कमी छळते, पण तिप्पट पाऊस कोसळतो आणि भिंती ओल धरतात. आमच्या विद्यार्थ्यांनीही करंडक जरूर जिंकावेत. मात्र एखादा करंडक असा असावा की, तो मिळाल्याची वार्ता पणजीच्या आधी त्या वाड्यावर पोचलेली असेल, कारण घर तेथे उभे असेल आणि त्यात चूल पेटलेली असेल.