मॅरेथॉनला महापालिकेकडून नेमके काय हवे?

जानेवारी २०२६ मधील निवडणुकीने कोल्हापूर महापालिकेत पुन्हा लोकनियुक्त सभागृह आले आणि नोव्हेंबर २०२० पासून प्रशासकाच्या सहीवर चाललेल्या कारभारात जे अर्ज थेट आयुक्तांच्या टेबलावर जात होते, त्यांच्यासाठी आता नगरसेवक, स्थायी समिती आणि महापौर असे आणखी काही उंबरे झाले. शहरात धावण्याच्या स्पर्धा भरविणाऱ्या संयोजकांनाही हे उंबरे झिजवावे लागतील. पालिकेने स्पर्धेच्या पाठीशी उभे राहावे ही मागणी जुनीच आहे. मात्र या पाठिंब्याचा अर्थ रोख अनुदान, शुल्कमाफी, मनुष्यबळ की केवळ रस्ता, हे मागणाऱ्यांच्याही मनात बहुधा स्पष्ट नसते, आणि अर्ज मोघम असला की उत्तरही मोघमच मिळते.

कायद्याची अडचण येथे नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये पालिकेच्या कर्तव्यांचे दोन वर्ग केलेले आहेत. पाणी, गटारे, दिवाबत्ती आणि सफाई ही बंधनकारक कर्तव्ये कलम ६३ मध्ये येतात, तर ऐच्छिक कर्तव्ये, म्हणजे ऐपत आणि इच्छा असल्यास करावयाची कामे, कलम ६६ मध्ये येतात. या दुसऱ्या यादीत बागा आणि प्रदर्शनांच्या बरोबरीने मैदानी खेळांच्या स्पर्धा भरविण्याचाही उल्लेख आहे. स्पर्धेवर खर्च करण्यास पालिकेला मुभा आहे, सक्ती मात्र नाही. आणि जिच्या तिजोरीत बंधनकारक कामांसाठीच ओढाताण असते, त्या संस्थेकडे प्रवेशशुल्क घेणाऱ्या व प्रायोजक मिळविणाऱ्या स्पर्धेसाठी रोख रक्कम मागणे फारसे समर्थनीय ठरत नाही.

खरी मागणी रस्त्याची असते, आणि तेथे एकाच कचेरीचे राज्य नसते. वाहतूक वळविण्याची अधिसूचना पोलीस अधीक्षक काढतात, कमानी व फलकांचे शुल्क पालिकेचा इस्टेट विभाग पाहतो, सफाई आरोग्य विभागाकडे असते, आणि गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी व ताराराणी मार्केट या चार विभागीय कार्यालयांपैकी दोन-तीन कार्यालयांच्या हद्दी एकवीस किलोमीटरचा मार्ग सहज ओलांडतो. मैदानावरचा ध्वनिक्षेपक सकाळी सहाच्या आधी सुरू करता येत नाही, कारण ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा हा काळ निषिद्ध आहे. तरीही पहाटे साडेपाचला ढोल-ताशा आणि झुंबा ठेवण्याचा मोह संयोजकांना का आवरत नाही, हे एक कोडेच आहे.

रस्ता किती वेळ बंद राहणार, या प्रश्नावर अर्जात सहसा ‘सकाळी सहा ते दहा’ असे ठोकून दिलेले असते. वस्तुतः हा साध्या त्रैराशिकाचा विषय आहे. अर्धमॅरेथॉन, म्हणजे २१.०९७५ किलोमीटरची शर्यत, सत्तर मिनिटांत संपविणारा धावपटू एका किलोमीटरला सुमारे तीन मिनिटे वीस सेकंद घेतो; साडेतीन तासांच्या ‘कट-ऑफ’मध्ये, म्हणजे ज्या वेळेनंतर धावपटूला शर्यतीबाहेर धरले जाते त्या मर्यादेत, कसाबसा पोहोचणारा दहा मिनिटे घेतो. सर्वजण एकाच वेळी निघाले असे धरल्यास पाचव्या किलोमीटरवरच्या चौकात पहिला धावपटू सतराव्या मिनिटाला आणि शेवटचा पन्नासाव्या मिनिटाला येतो, त्यामुळे तो चौक तेहतीस-चौतीस मिनिटेच रोखावा लागतो. पंधराव्या किलोमीटरवर हेच अंतर पन्नासाव्या ते दीडशेव्या मिनिटापर्यंत, म्हणजे शंभर मिनिटांपर्यंत ताणले जाते. निष्कर्ष उघड आहे: दाभोळकर कॉर्नर किंवा दसरा चौकासारख्या गजबजलेल्या जागा मार्गाच्या पहिल्या टप्प्यात घ्याव्यात आणि पांगलेला जथा विद्यापीठाच्या बाजूच्या तुलनेने मोकळ्या रस्त्यांवर सोडावा. त्याच रस्त्याने जाऊन त्याच रस्त्याने परतण्याचा मार्ग बंदोबस्ताला सोपा दिसतो, परंतु त्यात पाचव्या किलोमीटरवरचा चौक परतीच्या सोळाव्या किलोमीटरवर पुन्हा लागतो आणि सतराव्या मिनिटापासून एकशे साठाव्या मिनिटापर्यंत अडकून पडतो. प्रत्येक चौकाच्या बंद होण्याची आणि खुले होण्याची वेळ मिनिटांत लिहिलेला तक्ता अर्जाला जोडला, तर निम्मा विरोध तेथेच मावळेल.

हा विरोध होतो, कारण रविवारची सकाळ कोल्हापुरात रिकामी नसते. गंगावेशीतील दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात आणि समोर पिळलेल्या धारोष्ण दुधाचे पेले हातोहात जातात, मटणाच्या दुकानांपुढे तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या बेताची रांग लागते, आणि अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या परगावच्या गाड्या पेठांत वाट शोधत असतात. शिवाय रस्त्याच्या मालकीबद्दल हे शहर विलक्षण हळवे आहे. एकात्मिक रस्ते विकास प्रकल्पातून झालेल्या सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांवर टोल बसला, तेव्हा प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्या वयोवृद्ध नेत्यासह सारे शहर त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले आणि शेवटी शासनाला टोल रद्द करावा लागला. ज्या नागरिकांनी रस्त्यासाठी एवढा लढा दिला, त्यांना ‘आज वाहतूक बंद’ एवढाच फलक पुरत नाही, आणि पुरूही नये.

संयोजकांच्या निवेदनांत शाहूनगरीच्या क्रीडापरंपरेचा दाखला हमखास असतो. तो खोटा नाही. शाहू छत्रपतींनी १९१२ मध्ये खासबाग मैदान उभारले आणि कुस्तीला राजाश्रय दिला. तरीही या परंपरेतील दुसरा धागा अधिक विचार करण्याजोगा आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी खाशाबा जाधव यांना पैशांची चणचण भासली, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असे सांगितले जाते. जाधव यांनी आणलेले कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मॅरेथॉनचा वारसाही या टापूला परका नाही. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉन २ तास ५० मिनिटांत पूर्ण करून एकोणिसावे स्थान मिळविले, आणि तो मार्ग आजच्या ४२.१९५ किलोमीटरपेक्षा अर्ध्या किलोमीटरहून अधिक लांब होता. त्या पथकाच्या पाठीशी दोराबजी टाटा उभे होते. राजाश्रय आणि पदरमोड या दोन्ही वाटा वैयक्तिक औदार्याच्या आहेत. लोकशाही संस्थेला औदार्य दाखविता येत नाही, कारण तिच्याकडचा पैसा दुसऱ्यांचा असतो. तिला करार करता येतो.

इतर शहरांनी निरनिराळे मार्ग चोखाळले आहेत. ठाण्यात वर्षा मॅरेथॉन महापालिकाच भरविते आणि काही वर्षांच्या खंडानंतर ती ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा झाली. वसई-विरारमध्येही २०११ पासूनची महापौर मॅरेथॉन पालिकेच्या नावावर आहे. साताऱ्यात मात्र यवतेश्वर घाटातली अर्धमॅरेथॉन २०१२ पासून धावपटूंच्याच संस्थेने वाढविली. मुंबईत पालिका आणि संयोजक यांच्यातील जाहिरात शुल्काचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. पालिकेची स्पर्धा पदाधिकाऱ्यांच्या उत्साहावर तगते, असे या उदाहरणांवरून वाटते, आणि कोल्हापूरने ठाण्यापेक्षा साताऱ्याकडे पाहिलेले बरे.

त्यामुळे नव्या सभागृहापुढे ठेवावयाचा प्रस्ताव असा असू शकतो: पालिकेने मार्गावरचे खड्डे आठवडाभर आधी बुजवावेत, पाण्याचे टँकर, फिरती शौचालये व अग्निशमन दलाची गाडी द्यावी, सावित्रीबाई फुले रुग्णालयाला सज्ज ठेवावे, आणि या प्रत्येकाची किंमत कागदावर मांडावी. जाहिरात शुल्क माफ करायचे असल्यास माफीची रक्कम स्थायी समितीच्या ठरावात लिहावी. संयोजकांनी बदल्यात महापालिका शाळांतील मुलांना विनाशुल्क बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, द्यावेत आणि महिनाभरात जमाखर्च जाहीर करावा. कचऱ्याची जबाबदारी तर घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनीच संयोजकांवर टाकली होती. शंभरांहून अधिक लोकांच्या कार्यक्रमाची सूचना किमान तीन कामाचे दिवस आधी देणे आणि कचरा जागीच वेगळा करणे त्यात अपेक्षित होते. पाणी देण्याच्या टेबलापुढे पन्नास-शंभर मीटरपर्यंत चुरगळलेले पेले आणि केळीच्या साली पसरतात, आणि त्या पहाटेच्या पाळीतल्या सफाई कामगारांना वाकून उचलाव्या लागतात. त्यांच्या जादा तासांचा मोबदला संयोजकांनी आगाऊ भरावा, ही अट ठरावात सर्वांत वर असावी.