शेतावरील बालसुरक्षा अनुदाने
शेतावर राहणाऱ्या वा राबणाऱ्या मुलांच्या इजा व आजार टाळण्याचे उपाय अजमावण्यासाठी दिलेले अल्प अर्थसाहाय्य. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शेतकऱ्याचे घर बहुधा शेतातच असते. त्यामुळे उलटणारा ट्रॅक्टर, धान्यकोठारातील घसरते धान्य व लाथाडणारी जनावरे यांच्या आवाक्यात तान्ही मुलेही येतात. न्याय्य श्रम मानक कायद्यातील (१९३८) बालमजुरीविषयक निर्बंध आईबापांच्या स्वतःच्या शेतावरील मुलांना लागू होत नाहीत. साहजिकच सक्तीऐवजी मन वळविण्यावरच भिस्त राहते. विस्कॉन्सिन राज्यातील मार्शफील्ड येथे १९९७ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय केंद्राने अशी कमाल २०,००० डॉलरपर्यंतची अनुदाने दिली. एवढ्या रकमेत अपघात घटल्याचे सिद्ध करणे कठीणच. मात्र यंत्रांपासून दूर, कुंपण घातलेल्या क्रीडांगणासारखी कल्पना शेतकरी कुटुंबांस मानवते की नाही, हे त्यातून कळू शकते.