वाटाण्याएवढे मलम

संगणकाच्या पोटात एक मलम असते, हे पुष्कळ सुशिक्षित मंडळींनाही ठाऊक नसते. त्याला थर्मल पेस्ट म्हणतात. 'उष्णतावाहक लेप' असा भारदस्त प्रतिशब्द मला सुचत नाही असे नाही. पण मराठीचा प्राध्यापक असूनही मी आपला मलमच म्हणतो, कारण ते दिसते तसेच आणि निघतेही नळीतून.

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू. काम करताना तो तापतो, म्हणून त्याच्या माथ्यावर धातूच्या पात्यांचा ठोकळा आणि पंखा बसविलेला असतो. दोन्ही पृष्ठभाग हाताला गुळगुळीत लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र सह्याद्रीच्या रांगाच! त्या खाचखळग्यांत हवा अडकते, आणि उष्णता वाहून नेण्यात हवा महाकृपण. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० धरली, तर त्याच मापाने बऱ्या मलमाची ४ ते १२ आणि हवेची अवघी ०.०२६. म्हणजे मलम हवेहून शेकडोपट सरस, पण तांब्यापुढे अगदीच दरिद्री. सारी गोम इथेच आहे. जिथे धातूला धातू भिडतो तिथे मलम नको. भिडत नाही तेवढीच फट त्याने बुजवायची. सढळ हाताने चोपडण्याचा उटण्याचा न्याय इथे चालत नाही.

गेल्या मे महिन्यात आमच्या कन्येचा सात वर्षांचा संगणक चालता चालता बंद पडू लागला. तिचा प्रबंध अर्धवट. दुरुस्ती करणाऱ्या एका गृहस्थांनी निदान केले, "सर, प्रोसेसर गेला. नवीनच घ्या, पस्तीस हजारांत बसवून देतो." आमच्या घरात पस्तीस हजार हा सहज उच्चारण्याचा आकडा नव्हे. कन्या म्हणाली, "बाबा, आधी तो तापतो किती ते तर बघू या." पाहिले, तर ९८ अंश! ठोकळा काढला, आत मलम वाळून खडूच्या भुकटीसारखे झालेले.

मग नळी कोणती घ्यावी? घरच्या संगणकाला मध्यम किमतीचे, वीज न वाहणारे मलम पुरते. महागड्याने फार तर दोनचार अंश उतरतात. द्रवधातूच्या मोहात पडू नये. त्यात गॅलियम असते. मेंडेलीव्हने १८७१ साली ज्याचे भाकीत केले आणि १८७५ साली जे खरोखर सापडले, तेच हे मूलद्रव्य. कुळी थोर खरी. पण ते ॲल्युमिनियम पोखरते, आणि ओघळले तर शॉर्टसर्किट.

लावण्यापूर्वी संगणक पाच मिनिटे चालवावा, म्हणजे जुने मलम सैल होते. मग वीज तोडून ठोकळा हलकेच डावीउजवीकडे फिरवीत सोडवावा. सरळ उपटला, तर एएमडीच्या जुन्या जातीचा प्रोसेसर त्याच्यासकट निघून येतो आणि खालच्या नाजूक पिना वाकतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही बाजू लख्ख पुसाव्यात. मधोमध वाटाण्याएवढा थेंब ठेवावा. बोटाने सारवू नये, दाबाने तो आपोआप पसरतो. स्क्रू समोरासमोरचे, थोडेथोडे करून आवळावेत. आमच्याकडे चारशे रुपयांच्या नळीने त्याच कामाला आकडा ७१ वर आला आणि प्रबंध वेळेत गेला.

ठोकळा पुन्हा कधी उचललात, तर जुना थर पुसून नवा थेंब घालावा. एकदा उचकटलेल्या थरात हवा शिरते. उरलेली नळी टोपण घट्ट लावून ठेवावी, फक्त दात घासायच्या पेस्टशेजारी नको!